हॅनरहनची डेअरी होती तिथून डावीकडे

लाँगफर्ड काउंटीला समुद्र नाही. याबद्दल तिथली माणसं तक्रार करत नाहीत, कारण तक्रार ऐकायला तिथे कुणी थांबतच नाही. सगळा आयर्लंड कुठून तरी कुठे तरी जाताना लाँगफर्डमधून जातो आणि जाता जाता एवढंच म्हणतो, की चला, निम्मं आलं.

अशा काउंटीतल्या बॅलिनाक्रॉ गावात अ‍ॅट्रॅक्टा गॅव्हिगन या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मान होता तो एकाच गोष्टीमुळे. तिने देश पाहिला होता. म्हणजे अख्खा. डब्लिन तसं सगळ्यांनी पाहिलं होतं, कारण मोठी हॉस्पिटलं तिथे आहेत. पण किल्केनीचा किल्ला, कॉर्कचा बाजार, कोव्हचं बंदर, डिंगलचं टोक आणि मोहरचे कडे, हे सगळं सात दिवसांत, एका दमात, एकाहत्तर सालच्या जूनमध्ये लग्नानंतरच्या फेरीत बघून आलेली गावात ती एकटीच. नवरा मॅलकी बरोबर होता म्हणा, पण तो गेली अकरा वर्षं चर्चच्या मागे मातीखाली होता आणि तिथून काही बोलत नव्हता.

हे अ‍ॅट्रॅक्टाच्या पथ्यावरच पडलं होतं. कारण ती आणि मॅलकी मोटच्या पुढे गेलेच नव्हते.

मोट म्हणजे घरापासून तासाभरावरचं गाव. पहिल्याच दिवशी तिथे गाडीचा गिअरबॉक्स बसला. ‘सुटा भाग उद्या येतो’ असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि सहा दिवस तो न चुकता तेच सांगत राहिला. हॉटेलच्या खोलीची खिडकी एका गोदामाच्या मागच्या भिंतीवर उघडायची. नवं जोडपं सात दिवस ती भिंत बघत होतं. चौथ्या दिवशी मॅलकी म्हणाला, संध्याकाळच्या उन्हात भिंत बरी दिसते. शेजारच्या पेपरच्या दुकानात पोस्टकार्डांचा स्टँड होता. त्यावरून तिने सहा कार्डं उचलली: किल्ला, बाजार, बंदर, टोक आणि कड्यांची दोन. पोस्टात टाकली असती तर त्यांच्यावर मोटचा शिक्का पडला असता, म्हणून घरी येताना ती हातानेच आणली. फाटकाशी सासूने विचारलं, “कडे कसे होते गं?” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, “उंच.” यात खोटं काहीच नव्हतं. कडे उंचच होते, तिने पाहिलेले नसले तरी.

पुढच्या त्रेपन्न वर्षांत तिने तो एक शब्द वाढवत नेला. बाहेरगावचं कुणीही भेटलं की ती त्याला चहा पाजायची आणि रिकामं करायची. मेंढ्यांचे दलाल, मिशनवरून परतलेले फादर, हॉस्पिटलच्या बाकड्यावर नंबराची वाट बघणारे कॉर्कचे आणि क्लेअरचे पेशंट. एकदा तर डोळ्यांच्या वॉर्डात एका म्हाताऱ्याला तिने लिस्कॅनर गाव ते कडे हा सगळा रस्ता वळणावळणाने सांगायला लावला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, पण रस्ता त्याला दिसत होता. हे सगळं ती एका जाड वहीत उतरवून ठेवायची. दर फेब्रुवारीत, बाहेर गारठ्याने कुणाला काही सुचत नसताना, चर्चच्या हॉलमध्ये तिचं ‘आमची फेरी’ या विषयावर भाषण व्हायचं. लोक दरवर्षी यायचे. काही जण डोळे मिटून ऐकायचे. ते झोपत नव्हते, हे ती बघून ठेवायची.

आणि मग या वर्षी मार्चमध्ये कन्सेप्टा मलेडीने टेबलावर चमचा आपटला.

कन्सेप्टा ही ‘हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठ मंडळा’ची सेक्रेटरी. मंडळ गेल्या नऊ वर्षांत हॉलच्या बाहेर गेलेलं नव्हतं. अ‍ॅट्रॅक्टाच्या भाषणात मध्येच हात वर करून प्रश्न विचारणारी गावात ती एकटी, आणि दोघींची मैत्री साठ वर्षांची, म्हणजे कुठल्याही बाजूने आता माघार घेणं शक्य नव्हतं.

“ऐका गं, ऐका रे,” कन्सेप्टा म्हणाली. “काउंटीकडून आपल्याला मिनीबस मिळतेय. ड्रायव्हरसकट, जूनमध्ये, पाच दिवस. कुठे जायचं ते आपण ठरवायचं.”

अकरा माणसांच्या माना एकदम अ‍ॅट्रॅक्टाकडे वळल्या. तिच्या हातात हॅमचं सँडविच होतं. ते तिने पुन्हा बशीत ठेवलं.

“मी काय म्हणते,” ती म्हणाली, “एवढ्या लांब या वयात कशाला? नॉकला जाऊ. प्रार्थना होईल, संध्याकाळी घरी.”

“नॉकला आम्ही इतक्यांदा गेलोय की मारियामाता आता आम्हाला नावाने हाक मारेल,” मॅकगिव्हर्न बहिणी म्हणाल्या. त्या दोघी होत्या आणि एकच वाक्य दोघींत वाटून घ्यायच्या. “तुझी फेरी करू, अ‍ॅट्रॅक्टा. तू आखून दे, तू पुढे बस.”

“तुझ्यावाचून कोण आहे आम्हाला?” कन्सेप्टा म्हणाली. “मी त्र्याऐंशीला नवऱ्याबरोबर, डेसीबरोबर, गेले होते कड्यांवर, नाही असं नाही. पण तेव्हा तिसऱ्या खेपेचे दिवस होते, सारख्या उलट्या. माझं कड्यांकडे लक्षच नव्हतं.”

“आम्हीपण मावशीकडून परत येताना गेलो होतो,” एक मॅकगिव्हर्न म्हणाली. “घाईत,” दुसरी म्हणाली.

असं करत करत कळलं, की जवळजवळ सगळेच कधी ना कधी जाऊन आले होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं, कुणाचा चष्मा घरी राहिला होता, आणि एक गृहस्थ तर गाडीत मागच्या सीटवर उलटे बसले होते. नीट बघितलेली एकटी अ‍ॅट्रॅक्टा. कोपऱ्यात बार्टली फॅरेली बसला होता. तो नेहमीसारखा काहीच बोलला नाही. बार्टली वर्षातून दोनदा बोलायचा, आणि त्यातलं एकदा गुरांच्या बाजारात.

त्या रात्री अ‍ॅट्रॅक्टाने काय करावं याचा शांतपणे विचार केला. आजारी पडता येईल, पण मग कन्सेप्टा पुढे बसेल. खरं सांगता येईल, पण मग त्रेपन्न फेब्रुवारी परत द्यावे लागतील, ते कुठून आणायचे? मोटची ती भिंत लोक कायमची तिच्या नावाला चिकटवतील. भाजीवाला विचारेल, काय बाई, या वर्षी भिंतीकडे जाणार का? आणि या सगळ्याच्या खाली, जिथे माणूस सहसा हात घालत नाही तिथे, आणखी एक गोष्ट होती. तिला ते कडे बघायचे होते. पहिल्यांदा बघतेय अशा तोंडाने बघायचे होते, आणि नेमकं तेच तोंड तिला चारचौघांत करता येणार नव्हतं.

योजना आखायला तीन बैठका लागल्या. मिनीबसची ड्रायव्हर हलिना ही पोलंडची, पण अठरा वर्षं लाँगफर्डमध्ये राहिलेली. ती फोन आणि पेन्सिल घेऊन बसली होती.

“मुक्कामांची नावं द्या, मी फोनमध्ये घालते. पहिला दिवस डब्लिन. दुसरा किल्केनी आणि कॉर्क. तिसरा कोव्ह. चौथा डिंगल. पाचवा होडीने नदी ओलांडून कडे, मग गॉलवे, मग घर. बरोबर?”

“फोन कशाला?” अ‍ॅट्रॅक्टाने वही उघडली. “माझ्याकडे रस्ता आहे. लिही. लिस्कॅनरच्या अलीकडे लिलिसचा डान्स हॉल होता, तिथून सरळ. पुढे जिथे जोड-झाड होतं तिथे न वळता, हॅनरहनची डेअरी होती तिथून डावीकडे.”

हलिनाची पेन्सिल थांबली. “होती म्हणजे?”

“म्हणजे होती.”

“बाई, जी होती ती मला काचेतून दिसणार कशी? जी आहे अशी एखादी वस्तू सांगा.”

अकराही जण तिच्याकडे दयेने बघायला लागले. बॅलिनाक्रॉमध्ये कुणीच कधी कुणाला ‘आहे’ वरून रस्ता सांगितला नव्हता. जे आहे ते उद्या पाडतील, मग माणूस चुकेल. जे पडलेलं आहे ते आता कुठे जाणार?

“आणि दुसरं,” हलिना म्हणाली, “मी कड्यांवर चार वेळा गेलेय. पोलंडहून कुणीही आलं की न्यावंच लागतं. तिथे कुठेही डेअरी नाही.”

अ‍ॅट्रॅक्टाच्या मनात आलं, त्या डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्याने डेअरी मनानेच उभी केली असेल तर? तिने वही मिटायला घेतली.

“नाहीच आहे,” कन्सेप्टा ताडकन म्हणाली. “कशी असेल? चौऱ्याहत्तरला जळली.”

अ‍ॅट्रॅक्टाने तिच्याकडे बघितलं. कन्सेप्टा सँडविचमधून काकडी वेगळी काढत होती.

“लोण्याला आग लागली,” कन्सेप्टाने पुढे सांगितलं. “तीन दिवस सगळ्या गावात टोस्टचा वास.”

“हो हो, टोस्टचा,” मॅकगिव्हर्न बहिणी म्हणाल्या.

हलिनाने कागदावर लिहिलं, डेअरी, जळलेली. मग थोडा वेळ त्या शब्दांकडे बघत बसली आणि पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटली.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठला मिनीबस निघाली. अ‍ॅट्रॅक्टा पुढे, मांडीवर वही. मागे सगळे. डब्लिन सोपं गेलं. मंडळींनी तिथे लिफी नदी आणि तिच्यावरचे पूल पाहिले, पण खरा रंग भरला तो रस्त्यातली हॉस्पिटलं दाखवताना. “इथे माझा गुडघा झाला.” “इथे डेसीचं ते.” “कँटीन मस्त आहे यांचं.”

दुसऱ्या दिवसापासून अवघड झालं. किल्केनीला किल्ल्याचे बुरुज एकदम झाडांवरून वर आले आणि अ‍ॅट्रॅक्टाच्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. कन्सेप्टा लगेच म्हणाली, “काय गं, पहिल्यांदा बघितल्यासारखं?”

“पूर्वी असं नव्हतं,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली.

हे वाक्य तिला देवानेच सुचवलं असावं. ते सगळ्याला चालायचं. कॉर्कच्या बाजारात माशांच्या ढिगांपुढे, तोंड उघडं टाकून बर्फावर पडलेल्या त्या अक्राळविक्राळ समुद्री सैतानांपुढे ती म्हणाली, पूर्वी असं नव्हतं. कोव्हला चढावर उभी राहून, एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी रंगीत घरं आणि त्यांच्या डोक्यावर उभं ते भलंमोठं चर्च बघताना तिची वही काखेतून सरकली. मग घंटा वाजायला लागल्या. एक नाही, दोन नाही, घंटांचं एक अख्खं गाणं बंदरावर पसरत गेलं आणि पाण्यावरच्या जहाजांनी ते ऐकल्यासारखं वाटलं. अ‍ॅट्रॅक्टाने गाल आतून चावून धरले. “पूर्वी असं नव्हतं,” ती म्हणाली, आणि आवाज फाटला म्हणून खोकली.

आश्चर्य लपवणं किती दमवणारं काम असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डिंगलला, जिथे जमीन संपतच नाही, हट्टाने समुद्रात घुसत जाते आणि तिच्या पुढ्यात बेटं पाठ करून बसलेली असतात, तिथे ती बसमधून उतरलीच नाही. पाय दुखतात म्हणाली. सगळे उतरल्यावर काचेला नाक लावून बसली. हलिना आपल्या सीटवर सफरचंद खात होती.

“बाई,” हलिना आरशातून म्हणाली, “उतरा की.”

“मी पाहिलंय.”

“बरं,” हलिना म्हणाली आणि सफरचंद खात राहिली.

पाचव्या दिवशी बससकट होडीने शॅनन नदी ओलांडून ते कड्यांच्या क्लेअर काउंटीत आले आणि धुकं पडलं. साधं नाही. हलिनाने वायपर लावले तर ते धुकं नुसतं इकडून तिकडे ढकलायचे. लिस्कॅनरच्या अलीकडे रस्ता बंदची पाटी आली. फोनने त्यांना एका शेतात वळायला सांगितलं. शेतात एक गाय होती आणि तिचाही तसा काही अंदाज दिसत नव्हता.

हलिनाने गाडी थांबवली. एक म्हातारा कुत्र्याबरोबर चालला होता. तिने काच खाली केली, पण विचारावं काय हेच तिला कळेना. कड्यांचं नाव घ्यावं तर तो रस्ता बंद होता. शेवटी तिने कागद घेतला आणि परीक्षेला बसल्यासारखं वाचलं, “हॅनरहनची डेअरी होती तिथून डावीकडे. म्हणजे कुठे?”

म्हाताऱ्याने क्षणाचाही वेळ लावला नाही. “कुठली डेअरी? जळली ती, की त्याआधीची?”

बसमधले सगळे पुढे झुकले.

“जळली ती,” हलिना म्हणाली.

“मग सरळ जा. दिवेवाल्या मायकोचं घर होतं तिथे वेग कमी करा, तिथे खड्डा आहे. खड्डा आहे हं, अजून आहे. पुढे पंप होता. पंपानंतर लगेच डेअरी. तिथे आता काही नाही, म्हणजे चुकणारच नाही.” मग त्याने काचेतून डोकं आत घातलं आणि मंडळींवर नजर फिरवली. “लाँगफर्ड?”

“लाँगफर्ड,” मागून आवाज आला.

“निम्म्या रस्त्यात लागतं,” तो आदराने म्हणाला, आणि कुत्र्यासकट धुक्यात विरघळला.

पुढचा अर्धा तास हलिनाने बस अशी चालवली, जशी तिने अठरा वर्षांत कधी चालवली नव्हती. फोन पालथा घातला. न दिसणाऱ्या रस्त्यावर, नसलेल्या घराशी वेग कमी केला, नसलेल्या पंपाला वळसा घातला. मध्ये एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती, तिने विचारायच्या आधीच हात केला, म्हणाली, “डान्स हॉल मागे टाकलात ना? मग बरोबर आहात.” खिडकीबाहेर धुक्याच्या पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं, आणि तरी अ‍ॅट्रॅक्टाला वाटलं, की आपण एका भरगच्च गावातून चाललोय. दोन्ही बाजूंना दारं आहेत, दिवे आहेत, डेअरीपुढे डब्यांची रांग आहे. दिसतं ते गाव वेगळं आणि त्याच्या पोटात हे दुसरं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं, आणि सगळा देश बहुतेक या दुसऱ्यातूनच ये-जा करतो. तिने मागे पाहिलं. कन्सेप्टा पांढरीफटक पडली होती आणि छातीवर क्रूस करत होती.

“गाडी लागली का?” अ‍ॅट्रॅक्टाने विचारलं.

“गप बस,” कन्सेप्टा म्हणाली.

हलिनाने डावीकडे वळवलं. चढ लागला. पाटी आली: मोहरचे कडे.

कड्यांवर धुकं इतकं होतं, की दगडी फरशांच्या कठड्याला सगळ्यांनी हात लावून पाहिला तेव्हा कुठे कठडा आहे हे नक्की झालं. पलीकडे पांढरं. खालून एक घुमणारा आवाज, तळघरात कुणीतरी कपाट सरकवत असल्यासारखा.

“हे काय गं,” एक मॅकगिव्हर्न म्हणाली. “एवढं आलो आणि,” दुसरी म्हणाली.

अ‍ॅट्रॅक्टाला आपण सुटलो असं वाटलं, आणि त्याच वेळी रडू आलं. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. कठड्याकडे पाठ करून उभी राहिली आणि बोलायला लागली. पाच कडे एकामागे एक, म्हणाली, जहाजांची नाकं रांगेत लावावीत तसे. दगडाचे थर, वहीच्या पानांसारखे. टोकाला गोल बुरूज. खाली एकटा उभा दगडाचा सुळका, आणि त्याच्या पायाशी फेस. संध्याकाळी सगळा कडा तांबूस होतो. ती अर्धा तास बोलत होती. धुक्यात अकरा चेहरे अर्धे दिसत होते, आणि ते चेहरे बघून तिला वाटलं, कुठल्याही कड्याकडे कुणी कधी याहून मन लावून बघितलं नसेल. एक जर्मन जोडपंही येऊन उभं राहिलं होतं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी टोप्या काढल्या होत्या.

तेवढ्यात कन्सेप्टाची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

अ‍ॅट्रॅक्टा वळली.

धुकं वर गेलं नव्हतं, ते खाली पडलं होतं. टेबलावरून चादर ओढावी तसं सरसर खाली उतरत होतं. आधी माथे उघडे झाले, हिरवे. मग काळा दगड, आणि आणखी दगड, आणि मग थांबायला हवं होतं तरी आणखी दगड. तिने मनात जो तळ ठरवून ठेवला होता तो केव्हाच मागे पडला आणि कडा अजून उतरतच होता. मग पाणी. एक लाट आली, दगडावर फुटली, पांढरी झाली, ओसरली, आणि सगळं झाल्यावर तिचा आवाज आला. इतकं खाली, की आवाजालाही चढून यायला वेळ लागत होता.

आणि पक्षी. हजारो. ती त्यांना वरून बघत होती. आयुष्यभर तिने पक्ष्यांची पोटं पाहिली होती. पक्ष्यांना पाठ असते, करडी, रेशमी, उन्हात चमकणारी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ना कार्डावर होतं, ना पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. वारा कड्यावर आपटून उलटा वर चढत होता आणि बरोबर पाणी आणत होता. पाऊस खालून वर पडत होता. तो तिच्या हनुवटीला लागला.

शेवटी कन्सेप्टा बोलली, आणि तिचा आवाज तिचा नव्हता.

“अ‍ॅट्रॅक्टा. पूर्वी असं होतं का गं?”

उत्तर तयार होतं. ते पाच दिवस चाललेलं होतं, आणखी एकदा चाललं असतं. अ‍ॅट्रॅक्टाने तोंड उघडलं, तर आत पावसाचे थेंब गेले. ते खारट होते.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी कधी आलेच नाही इथे. मोटला गाडी बंद पडली. सात दिवस आम्ही एक भिंत बघितली. बाकीचं सगळं मी लोकांकडून गोळा केलंय. शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाला, आत्ता मला हे बघू दे.”

तिला वाटलं होतं, की आता कडा कोसळेल. तो आपल्या जागी उभा होता.

“मीपण नाही,” कन्सेप्टा म्हणाली.

“काय नाही?”

“आले. त्र्याऐंशीला डेसीने मला एनिसच्या एका लग्नाला नेलं, तिथे मी हॉटेलात उलट्या करत होते. कडे नाहीत. दरवर्षी तुला प्रश्न विचारायचे ते खोट काढायला नव्हते गं, बये. मला पुढचं ऐकायचं असायचं.”

“आणि डेअरी? ती आग?”

“माझ्या मनाची! ती हलिना तुझं सगळं मोडीत काढत होती, मला काहीतरी बोलायला हवं होतं. लोण्याचं आपलं सुचलं.” कन्सेप्टाने कठडा घट्ट धरला. “आणि तो कुत्र्याचा माणूस म्हणतो, जळली ती का? तेव्हापासून मी सारखी क्रूस करतेय. आणखी काय काय जाळलं असेल मी, अ‍ॅट्रॅक्टा?”

“आम्हीपण,” एक मॅकगिव्हर्न म्हणाली. “मावशीच नव्हती,” दुसरी म्हणाली.

मग बांध फुटला. ज्याचा चष्मा घरी राहिला होता त्याला तेव्हा चष्माच नव्हता. उलटा बसलेला गृहस्थ कुठल्याच गाडीत बसलेला नव्हता. बारा जणांनी तीन बैठका घेऊन, भांडून, एकमेकांच्या चुका काढून जी फेरी आखली होती, तिच्यातल्या डब्लिनपलीकडच्या एकाही जागी त्यांच्यातलं एकही माणूस कधी गेलेलं नव्हतं. आणि बस इथे येऊन उभी होती.

“मी आलो होतो,” बार्टली फॅरेली म्हणाला.

सगळे वळले. बार्टलीचं या वर्षीचं एक बोलणं झालेलं होतं, मार्चच्या बाजारात. हे दुसरं.

“सहासष्ट साली. सायकलवरून. तीन दिवस लागले.” तो जरा थांबला. “धुकं होतं. दिवसभर थांबलो. मग दूध काढायला कुणी नव्हतं म्हणून परत गेलो.”

“आणि हे तू सांगितलं नाहीस?” कन्सेप्टा ओरडली. “अठ्ठावन्न वर्षं?”

“काय सांगणार? काही दिसलंच नव्हतं.” त्याने टोपी हातात घेतली होती आणि वारा त्याचे उरलेसुरले केस वर उभे करत होता. “आज दिसलं.”

मागून हलिना आली. हातात गाडीची किल्ली. “मंडळी, योजनेप्रमाणे आपण पाचला गॉलवेकडे निघायचं. पाच वाजून गेले.” कुणी हललं नाही. तिने अ‍ॅट्रॅक्टाकडे पाहिलं. “काय करायचं, बाई? तुमची योजना आहे.”

अ‍ॅट्रॅक्टाने वही काखेतून काढून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

“हलिना, तू चार वेळा आलीयेस म्हणालीस.”

“हो.”

“मग इकडे ये. माझ्या शेजारी उभी राहा. मला इथलं काही माहीत नाही. तू सांग.” तिने बोट लांब केलं. चेहऱ्यावरचं आश्चर्य लपवायची आता तिला गरज वाटली नाही. “ते खाली, दगडाच्या कपारीत उभे आहेत बघ, काळेपांढरे, दाटीने. ते काय आहेत?”

हलिना कठड्याशी आली. “त्यांचं इथलं नाव मला येत नाही. माझ्या आईने सांगितलेलं पोलिश नाव येतं. त्या अल्का.”

“अल्का,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली.

“अल्का,” मॅकगिव्हर्न बहिणी म्हणाल्या.

“आणि तो? गवतात, बिळाच्या तोंडाशी? रंगीत चोचीचा? हे बघ, हे बघ, उडाला! हा असा का उडतो, फेकून दिल्यासारखा?”

“मास्कोनूर.”

“येशू, मारिया, योसेफा,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, आणि मोठ्याने, वाऱ्याच्या वर, शाळेतल्या पहिल्या दिवसासारखं म्हणाली, “मास्कोनूर!” मागून मंडळाने म्हटलं. बार्टलीनेही म्हटलं, तिसऱ्यांदा बोलून. जर्मन जोडप्यानेही म्हटलं.

“आणि ते?” अ‍ॅट्रॅक्टाने विचारलं. “आणि त्याच्या पलीकडे ते?”